हुकूम कुठे अडतो?

[दृश्य : बडोद्यातली कोठीची इमारत. सकाळची वर्दळ, फायली घेऊन चाललेला शिपाई.]

बडोद्यातल्या मराठी घरात नुसतं ‘महाराज’ म्हटलं की कोणते, हे विचारावं लागत नाही. सयाजीराव गायकवाड, तिसरे. 1881 साली राज्यकारभार हाती आला तेव्हा वय अवघं अठरा. 1906 मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. 1910 पासून गावोगाव ग्रंथालयं काढली. माणसं पारखून आणण्यात तर त्यांचा हात धरणारा दुसरा संस्थानिक सापडणं कठीण. अरविंद घोष इथे नोकरीला होते, रमेशचंद्र दत्त होते.

असा धनी लाभला म्हणजे त्याची कचेरीही तशीच असणार, असं आपण धरून चालतो. 1917 मधली एक नेमणूक ही समजूत टिकू देत नाही.

[दृश्य : बडोदे स्टेशन, फलाट.]

त्या वर्षी भीमराव आंबेडकर बडोद्याला आले. 1913 मध्ये महाराजांनीच त्यांना अमेरिकेला धाडलं होतं. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण झालं, लंडनमधला अभ्यास अर्ध्यावर सोडावा लागला, आणि करार पाळायला ते हजर झाले. महालेखापालांच्या कचेरीत उमेदवारी सुरू झाली. पुढे त्यांना अर्थमंत्री करावं असा महाराजांचा मानस होता, असं चरित्रकार लिहितात.

म्हणजे वरून सगळं ठरलेलं होतं.

खाली काय चाललं होतं? शिपाई त्यांच्या हातात फाइल देत नसत, लांबूनच टेबलावर टाकत. ते जायला उठले की खालचं जाजम गुंडाळून घेत. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नव्हतं. हातात काम नसलं की ते सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन वाचत बसत. महाराजांच्या राज्यात त्यांना निवांत बसता आलं ते असं, कचेरीबाहेर.

पाणी देऊ नका, अशा गोष्टींना लेखी हुकूम लागत नाही. शिपायानं फाइल फेकली आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली नाही, एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी ती रीत होते.

राहायची गोष्ट त्याहून वाईट. कुठे जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघत असताना लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी खोलीपाशी आले. संध्याकाळपर्यंत चालते व्हा, म्हणाले. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केलेला होता, निकाल यायचा होता. महाराजांच्या कानावर गोष्ट घातली तेव्हा त्यांनी ती दिवाणांकडे सोपवली, आणि दिवाणांनी असमर्थता कळवली. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनीही घरची अडचण पुढे केली. रात्रीच्या गाडीनं आंबेडकर मुंबईला निघून गेले. गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला, आजच्या सयाजीबागेत.

[दृश्य : सयाजीबाग, दुपार. फिरायला आलेली माणसं.]

महाराजांना दोष देणं सोपं आहे, आणि थोडा द्यायलाही हवा. ‘दिवाणांकडे पाठवा’ हा शेरा आजच्या ‘एचआरशी बोलून घ्या’चाच पणजोबा. पण खरं कोडं पुढे आहे. हुकूम मध्येच अडतो, हे याच महाराजांना चांगलं ठाऊक होतं. अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्यांनी 1880च्या दशकातच शाळा काढल्या होत्या. सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी परिपत्रकं काढत वेळ घालवला नाही. मुसलमान शिक्षक नेमले. 1908 मध्ये पंजाबातून आर्य समाजाच्या पंडित आत्मारामांना बोलावून या कामावर बसवलं. मधला माणूस हलत नाही म्हटल्यावर त्यांनी मधला माणूसच बदलला.

लेखा कचेरीत ते झालं नाही. तिथे एक हुशार तरुण नेमला, आणि बाकी रांग होती तशीच राहू दिली.

[दृश्य : मकरपुरा औद्योगिक वसाहत, शिफ्ट बदलण्याची वेळ.]

आजही कामाच्या जागेचं वातावरण म्हटलं की कॅमेरा आधी मालकाच्या केबिनकडे वळतो. भिंतीवर मूल्यांचा फलक, वर्षातून एकदा भाषण. नव्या पोराला मशीनचा बिघाड लगेच सांगावासा वाटतो की लपवावासा, हे मात्र ठरतं लाइनवरच्या सुपरवायझरच्या तोंडावर.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधिकेला हे अमेरिकेतल्या रुग्णालयांत दिसलं. औषधं देताना होणाऱ्या चुका त्या तपासत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी सापडतील, असा अंदाज होता. आकडे उलटे निघाले : चांगल्या गटांतच चुकांची नोंद जास्त. तिथली माणसं जास्त चुकत नव्हती, चूक झाली की बोलत होती. आणि ती बोलत होती ती वॉर्डच्या प्रमुख नर्सच्या वागण्यामुळे. रुग्णालयाच्या संचालकाचा तिथे फारसा संबंध नव्हता.

आपल्याकडच्या 2013च्या लैंगिक छळविरोधी कायद्यालाही ही मधली रांग ओळखीची दिसते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या जागी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. हा बाहेरचा माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची बढती आतल्या कोणाच्या हातात नसते. समिती नेमल्याचा कागद दर्शनी जागी लावणंही मालकावर बंधनकारक आहे. आता दर्शनी जागा कोणती, कॅन्टीनचं दार की रिसेप्शनमागची भिंत, हे ठरवायला मालक येत नाहीत. ते ठरवतो अ‍ॅडमिनचा माणूस.