चिप नाही, आधी सॉकेट
(तालुक्याच्या आयटीआयमध्ये टीव्ही-रेडिओ मेकॅनिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, जत्रेत व्हिडिओ गेम लावणाऱ्यांचे जुने बोर्ड दुरुस्तीला आले की तक्रार ठरलेली असते. स्क्रीनवर नुसता कचरा, नाहीतर चालता चालता गेम पुन्हा पहिल्यापासून. आपण लगेच सांगून मोकळे होतो, चिप गेली. थांबा ना बाप्पा! आधी सॉकेट बघा, म्हणजे चिप ज्यात खोचलेली असते तो साचा.

पॅक-मॅन हा व्हिडिओ गेम १९८० सालचा. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर साधी सॉकेटं असत, चिपच्या पायाला एकाच बाजूनं टेकणारी पत्ती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या पत्तीचा ताण जातो. त्यात आपला विदर्भ. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, डोक्यावर टिनाचं शेड. बोर्ड तापतो, निवतो, आणि चिप केसाकेसानं वर सरकते. काही रॉमच्या, म्हणजे गेमचा प्रोग्राम साठवणाऱ्या चिपांच्या, पायांना चांदीचा मुलामा असतो. हवेतल्या गंधकानं तो काळा पडतो, ठेवणीतल्या पैंजणासारखा.

आधी बोर्डावरचे पाच व्होल्ट मोजा. ४.७५ च्या खाली असतील तर सॉकेटचा काही गुन्हा नाही. सप्लाय ठीक असेल तर वीज बंद करून चिपा अंगठ्यानं नीट दाबून बसवा. गेम सुरू झाला तरी गिऱ्हाईकाला लगेच फोन करू नका. दोष कुठं आहे ते कळलं, पण तो अजून गेला नाही.

आता खरी गंमत. आपण मीटर बीपवर ठेवतो, जोड असला की वाजतो तो, एक टोक चिपच्या पायाला, दुसरं बोर्डाखालच्या सोल्डरला. बीप वाजतो, आपण खूश. पण टोकानं पाय दाबला म्हणून तर तो पत्तीला टेकला! त्यापेक्षा बोर्ड चालू ठेवा, मीटर मिलिव्होल्टवर घ्या. एक टोक पायाच्या खांद्याला अलगद, दुसरं त्याच पायाच्या खालच्या सोल्डरला. दोन्ही एकाच तारेवर आहेत, म्हणजे आकडा शून्याजवळच हवा. जास्त आला तर जोड तिथंच कच्चा. सप्लायच्या पायांपासून सुरुवात करा. २७१६ रॉमला ते १२ आणि २४, कोपऱ्यातले. झेड-८० या प्रोसेसर चिपमध्ये मात्र ११ आणि २९, अधेमधे लपलेले. तिथं हमखास चुकतात पोट्टे. आणि टोक घसरू देऊ नका, शेजारचे दोन पाय जोडले गेले तर चांगली चिपही जाईल.

चिप काढताना दोन्हीकडून थोडी थोडी उचला, खाच कुठल्या बाजूला होती ते लिहून ठेवा. काळे पाय फायबर ब्रशनं हलके घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सॉकेटात सुई खुपसून पत्ती वाकवायचा मोह टाळा. ती एकदा फाकली की फाकलीच.

सॉकेट बदलायचंच ठरलं तर त्याचं प्लास्टिक कापा आणि एकेक पिन गरम करून ओढा. अख्खं सॉकेट उपटाल तर जुन्या बोर्डाचे पॅड, म्हणजे सोल्डर बसतो त्या तांब्याच्या टिकल्या, सोबत येतील. जागी दोन पत्त्यांचं किंवा गोल पिनांचं लावा.

मागून कुणीतरी विचारलं, “स्प्रे मारला तर नाही का चालत?” मळ असेल तर चालतो जी. पत्ती ढिली असेल तर पुढच्या जत्रेआधी तोच बोर्ड पुन्हा तुमच्या टेबलावर.