लीड्सची चौकडी : ‘गँग ऑफ फोर’ची गोष्ट

[पडदा काळा. आवाज फक्त गिटारचा. ताणलेला, किंचाळणारा फीडबॅक. लवकर थांबत नाही.]

निवेदन :
तुमच्या फोनमध्ये बिघाड झालेला नाही. गाणं सुरू झालंय. मिनिटभराहून जास्त वेळ गिटार एकटीच अशी विव्हळते. मग ड्रम आणि बेस कवायत करत आत शिरतात. आणि मग दोन माणसं एकाच वेळी तोंड उघडतात. एक गातो : प्रेमात पडणं म्हणजे गुरांना लागणारा रोग लागल्यासारखं आहे. दुसरा त्याच वेळी, बातम्या वाचाव्यात अशा सपाट आवाजात, बहुतेक बँड प्रेमावरच गाणी का करतात याची चर्चा करतोय. कोणीच कोणासाठी थांबत नाही. हेडफोन लावून ऐकलंत तर एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरा.

गाणं ‘अँथ्रॅक्स’. साल 1979. बँड : गँग ऑफ फोर.

[शीर्षक पडद्यावर. त्यानंतर लीड्स शहराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं : विटांची घरं, बंद गिरण्या, विद्यापीठाची इमारत.]

निवेदन :
उत्तर इंग्लंडमधलं लीड्स. कापडावर आणि शिवणकामावर मोठं झालेलं शहर, आणि सत्तरच्या दशकात ते कापडच हातातून निसटत चाललेलं. रस्त्यावर ‘नॅशनल फ्रंट’ या वंशवादी पक्षाची पोरं. त्यातच 1975 पासून यॉर्कशायर आणि आसपासच्या भागात बायकांचे खून पडायला लागले. पुढे पीटर सटक्लिफ या इसमाला 13 खुनांसाठी शिक्षा झाली, पण तो सापडेपर्यंत 1981 उजाडलं. तोवर अंधार पडल्यावर एकटीनं घराबाहेर पडणं ही लीड्समधल्या मुलींसाठी साधी गोष्ट राहिली नव्हती.

या शहरातल्या विद्यापीठात जॉन किंग आणि अँडी गिल हे दोन मित्र चित्रकला शिकायला आले. दोघं दक्षिणेकडचे, केंटमधल्या सेव्हनओक्स शाळेतले. त्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात काय होतं कोण जाणे; ‘मेकॉन्स’ बँडचे काही सभासद तिथलेच, आणि माहितीपट करणारा अ‍ॅडम कर्टिस, सिनेदिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास हेही तिथलेच.

लीड्सचा कलाविभाग तेव्हा रंग कसे कालवायचे यापेक्षा चित्र कोणासाठी काढलं, पैसे कोणी दिले, हे जास्त विचारायचा. विभागाचे प्रमुख टी. जे. क्लार्क हे मार्क्सवादी कला-इतिहासकार. स्त्रीवादी अभ्यासक ग्रिझेल्डा पोलॉक तिथेच शिकवायला आल्या. चित्रात बाई आहे, तर तिच्याकडे बघणारा कोण, असे प्रश्न वर्गात रोजचे. किंग आणि गिल यांनी हे प्रश्न उचलले आणि वर्गाबाहेर नेले. पबमध्ये. बिअर आणि भांडणं दोन्ही तिथे मुबलक. विद्यापीठाजवळच्या ‘फेंटन’ पबमध्ये डाव्या पोरांची आणि नॅशनल फ्रंटवाल्यांची खरीखुरी मारामारीही झालेली आहे.

1976 मध्ये दोघं न्यूयॉर्कला जाऊन आले, ‘सीबीजीबी’ क्लबमधले बँड पाहिले. परतल्यावर बँड काढायचं नक्की. किंग गाणार, गिल गिटार वाजवणार. ड्रमवर ह्यूगो बर्नहॅम, तोही विद्यापीठातलाच. बेससाठी जाहिरात दिली, आणि केंडलहून आलेला डेव्ह अ‍ॅलन मिळाला. चौघांमध्ये वाद्यावर खरा हात बसलेला हाच.

नाव बातमीतून आलं. ऑक्टोबर 1976 मध्ये चीनमध्ये माओच्या पश्चात त्याच्या पत्नीसह चार नेत्यांना अटक झाली होती. ती चौकडी, म्हणजे ‘गँग ऑफ फोर’, जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजत होती. हे नाव सुचवलं मेकॉन्सच्या पोरांनी. मेकॉन्स सुरुवातीला यांचीच वाद्यं उसनी घेऊन वाजवायचे, तेव्हा हिशेब फिटला म्हणायचा.

[दृश्य : गिटारच्या तारांवर उजवा हात, अगदी जवळून. तार दाबलेली, आवाज तुटक.]

निवेदन :
आता गिटारकडे या. या बँडची सगळी गोष्ट इथे आहे.

रॉकमध्ये गिटारवाल्याची एक जागा ठरलेली असते. गाण्याच्या मध्यावर बाकीचे मागे सरतात आणि तो पुढे येतो, संगीत नाटकातला नट पदासाठी पुढे यावा तसा. लोक वन्समोर देतात. अँडी गिलनं ही जागाच काढून टाकली. सोलोची वेळ आली की गिल एकतर खरवडल्यासारखा आवाज काढतो, नाहीतर चक्क थांबतो. गाणं चालू, गिटार गप्प.

हे त्याला जमैकाच्या डब संगीतातून सापडलं. तिथे ध्वनिमुद्रक मिक्सिंग करताना एकेक वाद्य काढून घेतो आणि उरलेल्या पोकळीत बेस घुमतो. हात फटकारून, तुकड्यातुकड्यांत वाजवायची तऱ्हा ‘डॉक्टर फीलगुड’च्या विल्को जॉन्सनकडून. आणि खाली ठेका फंकचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नाचऱ्या संगीताचा. शिवाय गिलला व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, अ‍ॅम्प नको असायचे. त्यांचा आवाज ऊबदार, गोलसर येतो, आणि नेमकी तीच ऊब त्याला टाळायची होती. त्याला हवा होता ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा कोरडा, काचेसारखा आवाज.

गिटार मागे हटल्यावर मग धून कोण सांभाळणार? बेस. डेव्ह अ‍ॅलनचा बेस ऐका, बऱ्याच गाण्यांत तोच गुणगुणता येतो. ड्रम सरळ ठेक्याला साथ देत नाहीत, ते मध्येच आडवे येतात. चारही घटक एका पातळीवर, कोणी कोणाच्या मागे उभं नाही.

माझ्या मते या बँडचं राजकारण शब्दांइतकंच या मांडणीत आहे. साम्यवादावर गाणी लिहिणारे पुष्कळ झाले, आणि त्यांचाही गिटारवाला सोलोसाठी पुढे येतोच. इथे पुढारीच नाही. पहिल्या अल्बमच्या गाण्यांचं श्रेय चौघांना. सुरुवातीच्या काळात सभासदांना आणि सामान उचलणाऱ्या रोडींना पगारही सारखाच.

[दृश्य : 1978 च्या छोट्या तबकडीचं वेष्टण.]

निवेदन :
1978 मध्ये एडिंबराच्या ‘फास्ट प्रॉडक्ट’ या चिमुकल्या कंपनीनं त्यांची पहिली तबकडी काढली. शीर्षकगीत ‘डॅमेज्ड गुड्स’, म्हणजे खराब झालेला माल. विषय प्रेमभंगाचा, भाषा मात्र दुकानातली. त्याची सुरुवात किंगला एका सुपरमार्केटच्या जाहिरातीतल्या ओळीवरून सुचली होती. आपण प्रेमाबद्दल बोलतानासुद्धा बाजाराचेच शब्द वापरतो, हे गाणं ते शब्द नुसते समोर ठेवतं आणि नाचायला लावतं. नाचणं महत्त्वाचं. प्रबंध वाचून दाखवणारा बँड कोणी दुसऱ्यांदा ऐकत नाही.

मग मोठी कंपनी आली, ‘इएमआय’. डाव्या पोरांनी बड्या कंपनीशी करार केला म्हणून टीका झाली. बँडचं उत्तर असं की सगळेच या बाजारात उभे आहेत, तर लांबून ऐकू जाईल अशा ठिकाणी उभं राहू. सोयीचं उत्तर आहे, पण खोटं नाही. करारानं नंतर काय केलं ते पुढे येईलच.

[दृश्य : लाल मुखपृष्ठ. त्यावर तीन लहान चौकटी.]

निवेदन :
सप्टेंबर 1979. अल्बम ‘एंटरटेनमेंट!’. लाल मुखपृष्ठ, त्यावर एक काउबॉय आणि एक रेड इंडियन हस्तांदोलन करताहेत. चित्रं लेखक कार्ल मायच्या कथांवरच्या जर्मन सिनेमांतून घेतलेली. शेजारच्या मजकुराचा आशय असा : इंडियन हसतोय, त्याला वाटतं हा आपला मित्र. काउबॉयही हसतोय, कारण याला फसवता आलं.

आत बारा गाणी. एकही प्रेमगीत नाही, पण प्रेमाची चिरफाड भरपूर. ‘कॉन्ट्रॅक्ट’मध्ये पलंगावरचं नातं कराराच्या भाषेत. ‘नॉट ग्रेट मेन’ सांगतं की इतिहास थोर पुरुष घडवतात हे पुस्तकांनी पढवलेलं. ‘ईथर’मध्ये पुन्हा दोन आवाज : एक सुखासीन जगण्याबद्दल बोलतो, दुसरा मध्येच उत्तर आयर्लंडच्या तुरुंगातल्या, जिथे कैद्यांच्या छळाचे आरोप होते त्या एच-ब्लॉकचं नाव टाकतो. आणि ‘5.45’ हे संध्याकाळच्या टीव्ही बातम्यांची वेळ. माणूस संध्याकाळचं जेवण घेत बसलाय, पडद्यावर रक्त. युद्ध हीच नवी करमणूक, असं गाणं म्हणतं. अल्बमच्या नावाचा धागा तिथे सापडतो.

ध्वनिमुद्रणात घुमारा जवळजवळ नाही. खोली कोरडी, आवाज थेट तोंडावर. अल्बम ब्रिटिश खपाच्या यादीत 45 व्या क्रमांकापर्यंत गेला. म्हणजे आपटला नाही आणि गाजलाही नाही.

[दृश्य : जुना टीव्ही संच. पडद्यावर मुंग्या.]

निवेदन :
गाजायची संधी आली होती. त्याच वर्षी ‘अ‍ॅट होम ही’ज अ टूरिस्ट’ या गाण्यासाठी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मधून बोलावणं आलं. त्या काळी या कार्यक्रमात झळकलेलं गाणं पुढच्या आठवड्यात दुकानातून उडायचं. गाण्यात निरोधाचा उल्लेख होता. बीबीसी म्हणाली, तो शब्द बदला. बँडनं ‘पाकिटं’ अशा अर्थाचा शब्द सुचवला. तोही चालेना, बदल केलाय हे कळता कामा नये, म्हणून मूळ शब्दाशी जुळणारा ‘रबिश’ घाला. चौघं सामान उचलून निघाले. गाणं 58 व्या क्रमांकावर अडकलं.

1982 मध्ये दुसरी संधी. ‘आय लव्ह अ मॅन इन अ युनिफॉर्म’. नोकरी नाही, मान नाही, म्हणून गणवेशात शिरणाऱ्या पुरुषाची टिंगल, आणि ठेका थेट डिस्कोचा. चाललं असतं. पण नेमकं तेव्हाच ब्रिटिश आरमार अर्जेंटिनाशी लढायला फॉकलंड बेटांकडे निघालं, आणि बीबीसीनं गाणं वाजवणं बंद केलं.

तोवर चौकडी मोडलीही होती. 1981 चा ‘सॉलिड गोल्ड’ अल्बम झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात डेव्ह अ‍ॅलन सोडून गेला. त्याच्या जागी सारा ली आली, उत्तम बेसवादक. पुढे बर्नहॅमही गेला. 1983 च्या ‘हार्ड’ अल्बमचं नाव सोडलं तर त्यात कडक काही नव्हतं. गुळगुळीत निर्मिती, मागे कोरस, सगळ्या पोकळ्या भरलेल्या. 1984 मध्ये बँड संपला. नव्वदच्या दशकात गिल आणि किंगनं दोन अल्बम काढले. ते मी इथे ओलांडून जातो.

[दृश्य : लॉस एंजेलिस. रस्त्यावरचं ऊन.]

निवेदन :
बँड संपत असताना त्याचा आवाज दुसरीकडे रुजत होता. सुरुवातीच्या दिवसांत ‘आर.इ.एम.’ त्यांच्या आधी मंचावर वाजवायचे. लॉस एंजेलिसच्या ‘रेड हॉट चिली पेपर्स’ना तर गँग ऑफ फोरचं वेडच. फंक आणि पंक, म्हणजे खडबडीत, आक्रमक रॉक, एकत्र नांदू शकतात हे बेसवादक फ्ली इथूनच शिकला. 1984 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमला निर्माता म्हणून त्यांना अँडी गिलच मिळाला. आराध्य दैवत प्रत्यक्ष भेटलं की काय होतं ते झालं. गिलला आता ते सगळं जुनं वाटत होतं, त्याला रेडिओवर चालेल असं काही हवं होतं. गायक अँथनी कीडिसनं एकदा गिलची वही पाहिली, तर यांच्या लाडक्या गाण्यापुढे एका शब्दाचा शेरा : घाण. मूळ शब्द याहून वाईट होता.

‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेननं आवडत्या पन्नास अल्बमची यादी लिहिली, त्यात ‘एंटरटेनमेंट!’ आहे. ‘रेज अगेन्स्ट द मशीन’च्या टॉम मोरेलोनं ऋण उघड मान्य केलंय. आणि 2000 नंतर तर पूरच आला : फ्रांझ फर्डिनांड, ब्लॉक पार्टी, द रॅप्चर असे बँड. ‘फ्यूचरहेड्स’च्या पहिल्या अल्बमवर गिलनं स्वतः काम केलं. तुटक गिटार, नाचरा ठेका, कोरडा आवाज, हे एकदम सगळीकडे. त्यातली कित्येक गाणी मला आवडतात. पण बहुतेकांनी गिलचा उजवा हात घेतला आणि पोकळी सोडून दिली. गायक पुन्हा मध्यभागी, बाकीचे त्याच्या मागे.

या लाटेवर मूळ चौघं 2004 च्या सुमारास पुन्हा एकत्र आले. 2005 मध्ये ‘रिटर्न द गिफ्ट’ निघाला आणि चाहते बुचकळ्यात पडले, कारण त्यात नवं काही नाही, जुनीच गाणी पुन्हा वाजवलेली. कारण होतं इएमआय. पंचवीस वर्षांनंतरही कंपनीच्या वहीत बँडकडेच बाकी निघत होती, त्यामुळे विक्रीतून यांच्या हाती काही पडत नव्हतं. जुनी मुद्रणं पुन्हा बाजारात आणली तर पैसा कंपनीकडे जाणार. मग गाणीच नव्यानं मुद्रित केली. करारावर गाणं लिहिणाऱ्यांना कराराची फट सापडायला इतकी वर्षं लागली.

‘नॅचरल’स नॉट इन इट’ची गंमत वेगळीच. फुरसत आणि मौज यांचा बाजार कसा होतो, हा त्याचा विषय. 2006 मध्ये सोफिया कोपोलाचा ‘मारी आंत्वानेत’ याच गाण्यानं सुरू झाला, आणि काही वर्षांनी हेच गाणं मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ खेळयंत्राच्या जाहिरातीत वाजलं. मौजेचं यंत्र विकायला मौजेवर टीका करणारं गाणं. आणि तेही बँडच्या संमतीनंच.

[दृश्य : 2020. ओस पडलेलं लंडन.]

निवेदन :
किंग 2012 मध्ये बाहेर पडला. गिल नवी मंडळी घेऊन वाजवत राहिला. 2019 च्या शेवटी चीनचा दौरा झाला. ज्या देशातून नाव घेतलं तिथे. 1 फेब्रुवारी 2020 रोजी लंडनमध्ये न्यूमोनियानं तो गेला, वय 64. हा कोविडचा सुरुवातीचा बळी असू शकेल, असं त्याची पत्नी, पत्रकार कॅथरीन मेयर यांनी नंतर लिहिलं.

त्याच जूनमध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर रस्ते पेटलेले असताना ‘रन द ज्युअल्स’ या रॅप जोडीचा चौथा अल्बम आला. त्यातल्या ‘द ग्राउंड बिलो’ गाण्याखाली ‘ईथर’ची गिटार धावते. तुरुंगातल्या छळावरच्या गाण्याचा तुकडा, पोलिसी अत्याचारानं पेटलेल्या उन्हाळ्यात. इतक्या वर्षांत झालेल्या उसनवाऱ्यांत मला ही सर्वांत चोख वाटते.

[दृश्य : मंच. मध्यभागी, ध्वनिक्षेपकाशेजारी, एक मायक्रोवेव्ह ओव्हन.]

निवेदन :
डेव्ह अ‍ॅलन एप्रिल 2025 मध्ये गेला. किंग आणि बर्नहॅम त्याच वर्षी निरोपाच्या दौऱ्यावर निघाले, गिटारवर टेड लिओ, बेसवर गेल ग्रीनवुड. ‘ही’ड सेंड इन द आर्मी’ या गाण्यात तालवाद्याचा एक ठोका आहे. तो किंग मंचावर बेसबॉलच्या बॅटनं, मायक्रोवेव्ह फोडून वाजवायचा. सत्तरीला टेकलेला माणूस, घरगुती उपकरण, आणि ठोका नेमका तालात.

[मायक्रोवेव्हवर बॅटचा ठोका. गाणं पूर्ण आवाजात. श्रेयनामावली.]