पंक्तीत सर्वांना सारखे: एक्लिप्सची प्लगइन-रचना

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर एक्लिप्सची खिडकी. डावीकडे फाइलींची यादी, मधोमध जावाचा कोड, खाली चुकांची यादी.)

पडद्यावर दिसणारी ही खिडकी जावा शिकलेल्या अनेकांच्या ओळखीची आहे. महाराष्ट्रातील कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांनी जावाचे पहिले प्रोग्राम एक्लिप्समध्येच लिहिले आहेत. त्यामुळे जावाचा कोड लिहिण्याचे साधन अशीच त्याची ख्याती झाली. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे, कारण एक्लिप्सच्या गाभ्याला जावा भाषेतले अक्षरही कळत नाही. डावीकडची यादी, मधला एडिटर, खालची चुकांची यादी, इतकेच नव्हे तर मदतीची पाने आणि शोधण्याची सोय यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या प्लगइनने, म्हणजे बाहेरून जोडता येणाऱ्या लहान प्रोग्रामने, आणून बसवलेली आहे. ती सर्व प्लगइन बाजूला काढली, तर एक लहानसा प्रोग्राम उरतो. कोणती प्लगइन उपलब्ध आहेत, ती एकमेकांवर कशी अवलंबून आहेत आणि त्यांपैकी कोणते केव्हा सुरू करायचे, एवढेच त्याला ठाऊक असते.

ही रचना आयबीएमच्या एका अडचणीतून जन्माला आली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमकडे प्रोग्रामरांसाठी अनेक साधने होती. प्रत्येकाची खिडकी वेगळी होती, फाइली ठेवण्याची पद्धत वेगळी होती, आणि एका साधनातले काम दुसऱ्यात न्यायचे झाले तर त्याची जुळवाजुळव ग्राहकालाच करावी लागत असे. कॅनडातील ओटावा येथील ऑब्जेक्ट टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल ही कंपनी आयबीएमने 1996 मध्ये विकत घेतली होती. या सर्व साधनांखाली एकच पाया घालण्याचे काम तिच्याकडे आले. त्याच कंपनीच्या झुरिक येथील प्रयोगशाळेत एरिक गामा यांच्या नेतृत्वाखाली जावाची साधने तयार होऊ लागली. नोव्हेंबर 2001 मध्ये आयबीएमने हा सर्व कोड खुला केला आणि या देणगीचे मूल्य 4 कोटी डॉलर असल्याचे सांगितले. 2004 मध्ये एक्लिप्स फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

पाया घालणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न असा होता, की त्यावर पुढे काय उभे राहणार हे त्यांना माहीत असणे शक्यच नव्हते. ज्याला आपण कधी भेटणार नाही आणि ज्याची गरज आज आपल्याला सुचतही नाही, अशा प्रोग्रामरसाठी जागा ठेवायची होती. आणि तीही अशी, की त्याला आपला कोड उघडून त्यात फेरफार करावा लागू नये. एक्लिप्सने यासाठी जी कल्पना वापरली, तिला विस्तारबिंदू म्हणता येईल. एखादे प्लगइन जाहीर करते, की माझ्या कामात या ठराविक ठिकाणी दुसऱ्याला भर घालता येईल, आणि ती भर अमुक स्वरूपाची असली पाहिजे. दुसरे प्लगइन त्या जागेवर आपली नोंद करते. दोघांच्या लेखकांची ओळख असण्याचे कारण नसते.

(दृश्य: प्लगइनची वर्णनफाइल. काही ओळी एकेक करून उजळतात.)

एक प्रत्यक्ष विस्तारबिंदू पाहू. एक्लिप्सच्या मजकूर-एडिटरमध्ये शुद्धलेखन तपासण्याची सोय आहे, परंतु ती तपासणी नेमकी कोणी करायची हे एडिटरने ठरवून टाकलेले नाही. त्यासाठी स्पेलिंग इंजिन या नावाचा विस्तारबिंदू ठेवलेला आहे. समजा, कोडमधल्या मराठी टिपणांचे शुद्धलेखन तपासणारे इंजिन कोणाला बसवायचे आहे. त्याने आपल्या प्लगइनच्या वर्णनफाइलमध्ये इंजिनाची खूण, त्याचे नाव आणि काम करणाऱ्या क्लासचे, म्हणजे कोडच्या तुकड्याचे, नाव, एवढे लिहायचे. त्या क्लासने एक ठरलेला इंटरफेस, म्हणजे कोणती कामे करून द्यायची याचा करार, पाळायचा: तपासायचा दस्तऐवज आणि त्यातले भाग एडिटर हाती देईल, आणि सापडलेल्या चुका ठरवून दिलेल्या संग्राहकाकडे सोपवायच्या. चुकीच्या शब्दाखाली रेघ कशी काढायची, उजव्या कडेला खूण कुठे उमटवायची, वापरकर्त्याने तपासणी बंद केली तर काय करायचे, यांतले काहीही मराठी इंजिन लिहिणाऱ्याला पाहावे लागत नाही. त्याने ऱ्हस्व-दीर्घाची आणि सामान्यरूपांची काळजी घ्यावी. ते कामच पुष्कळ मोठे आहे.

वर्णन आणि कोड यांची ही फारकत वरवर किरकोळ वाटते, परंतु एक्लिप्सचा वेग आणि आवाका तिच्यावर अवलंबून आहे. एक्लिप्स सुरू होताना प्लगइनांची वर्णने पाहते, त्यांचा कोड नव्हे. मेनूमधले नाव, बटणाचे चित्र, सेटिंगच्या यादीतली ओळ या गोष्टी वर्णनफाइलवरूनच पडद्यावर येतात, आणि वापरकर्ता त्या बटणावर पहिल्यांदा क्लिक करतो तेव्हाच त्यामागचा कोड स्मृतीत आणला जातो. शेकडो प्लगइन बसवलेल्या यंत्रणेत एका दिवसाच्या कामाला त्यांतली मोजकीच लागतात. न लागणाऱ्यांचा भार मग फारसा पडत नाही.

आता ज्या निर्णयामुळे ही रचना टिकली असे मला मनापासून वाटते, त्याकडे येऊ. तो निर्णय असा, की पंक्तिप्रपंच करायचा नाही. एक्लिप्सच्या स्वतःच्या चमूने लिहिलेली जावाची साधने हीदेखील प्लगइनच आहेत, आणि ती बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या विस्तारबिंदूंवरच बसतात. शुद्धलेखनाचे जे इंजिन एक्लिप्सबरोबर येते, ते जावा साधनांच्या प्लगइनने याच विस्तारबिंदूवर नोंदवलेले आहे. आपले मराठी इंजिन आले तर ते त्याच्या शेजारी, त्याच हक्काने बसेल, आणि दोहोंतले कोणते वापरायचे ते वापरकर्ता ठरवेल. घरच्यांना वेगळे पान आणि पाहुण्यांना वेगळे, असे झाले असते तर पाहुण्यांच्या पानात काय कमी पडते आहे हे घरच्यांना कधीच कळले नसते. येथे मात्र जावा चमूला एखादा विस्तारबिंदू अपुरा पडला, की तो सुधारल्याशिवाय त्यांचेही काम अडत असे, आणि झालेल्या सुधारणेचा लाभ आपोआप सर्वांना मिळत असे.

(दृश्य: दोन इंटरफेसांची नावे शेजारी शेजारी. दुसऱ्याच्या नावाअखेर 2 हा अंक.)

दार ठेवणे सोपे असते. ते वर्षानुवर्षे त्याच जागी ठेवणे अवघड असते. एक्लिप्सच्या कोडमध्ये काही इंटरफेसांच्या नावांअखेर 2 हा अंक दिसतो, आणि नवख्या माणसाला तो आळशीपणा वाटू शकतो. आयमार्कररिझोल्यूशन हा त्यांपैकी एक. चूक दाखवल्यावर ती दुरुस्त करण्याचा पर्याय सुचवणारा हा इंटरफेस असून त्यात दोनच मेथड, म्हणजे करून द्यायची कामे, होत्या: एक पर्यायाचे नाव सांगणारी आणि एक दुरुस्ती करणारी. पुढे पर्यायासोबत थोडे स्पष्टीकरण आणि लहान चित्रही दाखवावे, असे ठरले. मूळ इंटरफेसमध्ये दोन मेथड वाढवल्या असत्या, तर तो पाळणारी आधीची सर्व प्लगइन त्या क्षणी अपुरी ठरली असती, कारण त्या काळच्या जावामध्ये इंटरफेसला तयार मेथड जोडून देण्याची सोय नव्हती; ती 2014 च्या जावा 8 मध्ये आली. म्हणून मूळ इंटरफेसला हात न लावता आयमार्कररिझोल्यूशन2 असा नवा इंटरफेस जोडण्यात आला. ज्याला स्पष्टीकरण आणि चित्र द्यायचे आहे त्याने नवा पाळावा, ज्याला नको त्याचे जुने प्लगइन पूर्वीसारखे चालत राहील. नाव देखणे राहिले नाही, परंतु दिलेला शब्द पाळला गेला, आणि या दोहोंत निवड करायची वेळ आली तेव्हा एक्लिप्सच्या चमूने शब्दाची बाजू घेतली, याचा मला आदर वाटतो.

शब्द पाळायचा तर तो कोणत्या गोष्टींबाबत दिला आहे हेही स्पष्ट असावे लागते. म्हणून ज्या पॅकेजच्या, म्हणजे कोडच्या गटाच्या, नावात इंटर्नल (अंतर्गत) हा शब्द येतो, ते कोणत्याही आवृत्तीत पूर्वसूचनेशिवाय बदलू शकते, अशी एक्लिप्समध्ये जाहीर रीत आहे. बाहेरच्या अनेकांनी तरीही त्या आतल्या कोडचा आधार घेतला आणि पुढच्या आवृत्तीत त्यांची प्लगइन मोडली. परंतु बांधकाम कोणत्या रेषेपलीकडे गेले होते, याबद्दल वाद राहिला नाही.

ही रेषा मुळातच आखली नाही तर काय होते, ते मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरच्या इतिहासात दिसते. 2004 मध्ये फायरफॉक्सची 1.0 आवृत्ती आली, तेव्हापासून त्याच्या ॲड-ऑनना (तिथल्या प्लगइनना) ब्राउझरच्या खिडकीचा कोणताही भाग बदलता येत असे, कारण ब्राउझरचे आतले सगळे भाग त्यांना खुले होते. त्या मोकळेपणातून अतिशय कल्पक ॲड-ऑन निर्माण झाली, आणि लोकांनी फायरफॉक्सवर प्रेम केले ते पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे. परंतु सगळेच खुले असल्यामुळे आतला कोणताही बदल कोणाचे तरी ॲड-ऑन मोडत होता, आणि ब्राउझर अनेक प्रोसेसमध्ये, म्हणजे संगणकावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागांत, विभागण्याचे आवश्यक काम त्यामुळे अधिकच बिकट झाले. ऑगस्ट 2015 मध्ये मोझिलाने जुनी पद्धत बंद करण्याचे जाहीर केले, आणि 14 नोव्हेंबर 2017 रोजी आलेल्या 57 व्या आवृत्तीत जुनी ॲड-ऑन चालेनाशी झाली. त्यांतली काही नव्या, मर्यादित पद्धतीने पुन्हा लिहिली गेली. काही लिहिणे शक्यच नव्हते. मोझिलाचा निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे. परंतु त्याची किंमत अशा लेखकांनी मोजली, ज्यांना काय कायम राहील आणि काय नाही हे कोणीही आधी सांगितलेले नव्हते.

एक्लिप्सलाही 2004 मध्ये आपला पायाच बदलावा लागला. प्लगइन जोडण्याची स्वतःची जुनी यंत्रणा सोडून 3.0 या आवृत्तीत त्याने ओएसजीआय हे मानक स्वीकारले. हे मानक ठरवणारी संस्था 1999 मध्ये स्थापन झाली होती, आणि तिचा सुरुवातीचा रोख घरगुती नेटवर्क जोडणाऱ्या लहान उपकरणांवर होता. नव्या पायावर प्रत्येक प्लगइनने आपली आवृत्ती, आपल्याला लागणारी इतर प्लगइन आणि आपण इतरांना दाखवत असलेली पॅकेजे लेखी सांगायची, आणि जे दाखवलेले नाही ते इतरांना सापडायचे नाही. इतका मोठा बदल होऊनही जुनी प्लगइन टाकून दिली गेली नाहीत. त्यांच्या वर्णनफाइलीवरून नव्या पद्धतीचे वर्णन आपोआप तयार होईल आणि जुने क्लास पूर्वीप्रमाणे सापडतील, अशी तजवीज करण्यात आली. त्याच आवृत्तीपासून एक्लिप्सचा गाभा प्रोग्रामिंगशी संबंध नसलेल्या ॲप्लिकेशनसाठीही वापरता येऊ लागला. डेटाबेस हाताळणारे डीबीव्हर हे आजचे लोकप्रिय साधन त्याच गाभ्यावर उभे आहे.

(दृश्य: एक्लिप्सची थिजलेली खिडकी. माउसचा बाण फिरतो, खिडकी हलत नाही.)

या रचनेत एक उणीव मात्र कायम राहिली. सर्व प्लगइन एकाच प्रोसेसमध्ये चालतात. प्लगइनमधून आलेली चूक यंत्रणेला पाडू नये म्हणून एक्लिप्स परक्या कोडला हाक देताना ती संरक्षक वेष्टनातून देते, आणि त्यामुळे बहुतेक अपवाद, म्हणजे कोड चालताना फेकले जाणारे चुकांचे इशारे, जागीच अडवले जातात. पण एखादे प्लगइन अपवाद न फेकता नुसतेच हिशेब करत बसले, किंवा त्याने स्मृती खाऊन टाकली, तर ते वेष्टन काही करू शकत नाही. खिडकी थिजते, आणि वापरकर्ता दोष एक्लिप्सला देतो. प्लगइन लिहिणारा अनोळखी असेल तर त्याच्या सद्हेतूवर आणि कौशल्यावर सगळ्यांचे काम टांगून ठेवणे धोक्याचे असते.

एरिक गामा 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि झुरिकमध्येच त्यांच्या चमूने जो एडिटर घडवला, तो 2015 मध्ये व्हीएस कोड या नावाने जगापुढे आला. वर्णन आधी आणि कोड नंतर, हे एक्लिप्समधले तत्त्व त्यात जसेच्या तसे दिसते. फरक असा, की बाहेरून आलेल्या विस्तारांचा (तेथे प्लगइनना हेच नाव आहे) कोड वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि त्याला एडिटरच्या खिडकीतल्या घटकांना थेट हात लावता येत नाही. विस्तार अडखळला तरी टंकलेखन चालू राहते. विस्तारांची मोकळीक त्यामुळे कमी झाली हे खरे आहे, आणि एक्लिप्समध्ये सहज होणाऱ्या काही गोष्टी येथे होत नाहीत. पण शेकडो अनोळखी लेखकांचा कोड एकत्र नांदवायचा असेल, तर ही मर्यादा मला रास्त वाटते.

पुढची पायरी 2016 मध्ये आली. एखाद्या भाषेचे ज्ञान, म्हणजे चुका ओळखणे, नावे पूर्ण करणे, व्याख्या शोधून देणे, हे वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवायचे आणि एडिटरने त्याच्याशी ठरलेल्या संदेशांतून बोलायचे, असा करार मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांसह जाहीर केला. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हे त्याचे नाव. जावासाठी असा सर्व्हर हवा होता, आणि तो नव्याने लिहिण्याची गरज पडली नाही. एक्लिप्सच्या जावा साधनांत भाषेचे ज्ञान असलेले प्लगइन आणि खिडकी रंगवणारे प्लगइन आरंभापासून वेगळी ठेवलेली होती, आणि पहिल्याने दुसऱ्यावर अवलंबून राहायचे नाही हा नियम काटेकोरपणे पाळला गेला होता. त्यामुळे भाषेचा भाग खिडकीवाचून उचलता आला. आज व्हीएस कोडमध्ये रेड हॅटचा जावा विस्तार बसवून त्याचे फोल्डर उघडले, तर त्यात सर्व्हरच्या खाली प्लगइन्स नावाचे उपफोल्डर सापडते, आणि त्यात इक्विनॉक्सच्या, म्हणजे एक्लिप्सने ओएसजीआयनुसार घडवलेल्या पायाच्या, लाँचरशेजारी एक्लिप्सच्या त्याच जावा-ज्ञानाच्या प्लगइनची जार फाइल (जावा कोडचा गठ्ठा) असते.