उशिरा ऐकलेलं जॉय डिव्हिजन

(अमळनेर इथल्या व्याख्यानातला संपादित भाग)

मंडळी, प्रताप मिलचा भोंगा कानांनी ऐकलेले बरेच जण आज समोर आहेत. आज ज्याच्याबद्दल बोलतोय तो जॉय डिव्हिजन हा रॉक बँड इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा, आणि कापडगिरण्यांचं हे शहर त्यांना परकं वाटायचं कारण नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि आपल्या खानदेशातल्या कपाशीला एकदम भाव चढला. इथल्या रुईच्या गठाणी तिकडे गेल्या. पुढे शतकभरानं त्या गिरण्याही बंद पडल्या आणि त्या पडक्या मुलखातल्या पोरांनी १९७६ साली बँड काढला. तोच पुढे जॉय डिव्हिजन झाला.

मी त्यांच्यापर्यंत पोचलो पन्नाशीच्या आसपास. उशिरा येणाऱ्याची अडचण अशी की शेवट आधीच ठाऊक असतो. गायक इयन कर्टिस १८ मे १९८० ला गेला, आत्महत्येनं, तेविसाव्या वर्षी. अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी. मग प्रत्येक ओळ मृत्यूची चिठ्ठी वाटू लागते. मला हा बँडमधल्या चौघांवरही अन्याय वाटतो.

कारण हा अंधार कष्टानं घडवलेला आहे. पीटर हूकचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐका. बासचं काम खालून पाया धरायचं, पण गिटारच्या गोंगाटात स्वतःचं वाजवणं ऐकू येईना, म्हणून तो वरच्या सुरांत वाजवू लागला. त्यामुळे या गाण्यांत चाल बहुतेक वेळा बासकडे असते आणि बर्नार्ड समनरची गिटार मोकळी होऊन कडेनं ओरखडे काढते. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत पहिला अल्बम झाला, ‘अननोन प्लेझर्स’. निर्माता मार्टिन हॅनेट. त्यानं स्टीफन मॉरिसच्या ड्रमसेटचे भाग सुटे सुटे वाजवून घेतले, आवाजांत डिले, म्हणजे मागून उमटणारा प्रतिध्वनी, घातला, वाद्यांमध्ये जागा सोडली. हूक आणि समनर तेव्हा नाराज झाले होते. स्टेजवरचा आपला दणका यानं घालवला, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र हॅनेटच्या बाजूनं आहे. त्या मोकळ्या जागेमुळेच कर्टिसचा खोल आवाज एवढा एकटा ऐकू येतो.

आणि शब्द? कर्टिस मॅक्लसफील्डच्या रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून द्यायच्या विभागात होता. पुढे त्याला स्वतःलाच अपस्माराचं निदान झालं. झटके स्टेजवरही येत. तो काय लिहितोय हे तेव्हा सोबत्यांनी फार मनावर घेतलं नव्हतं, असं त्यांनीच नंतर सांगितलंय. त्यांना दोष देऊ नका. विशीतली पोरं होती, आणि तालमीच्या खोलीत शब्द नीट ऐकूच येत नसत. उरलेले तिघं पुढे न्यू ऑर्डर नावानं वाजवत राहिले. तो वेगळा विषय आहे.

तरुण मंडळींना एवढंच सांगतो, कर्टिसचं चरित्र आधी वाचू नका. आता ‘अननोन प्लेझर्स’च्या रेकॉर्डची पहिली बाजू लावतो. पहिल्यांदा फक्त बास धरा, शब्दांकडे नंतर येऊ. आवाज जरा मोठा ठेवा रे, मागे बसलेल्यांनाही पोचू द्या.