रविवारचं कॉलेज

रविवारची सकाळ. तालुक्याच्या कॉलेजचं फाटक उघडं आहे, पण आत शिरणाऱ्यांत कॉलेजकुमार कुणीच नाही. अंगणवाडीच्या मदतनीस आहेत. एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून थेट आलेला कामगार आहे. लेकाच्या जुन्या दप्तरात पुस्तकं आणणारी आई आहे.

हे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र. विद्यापीठ नाशिकचं, स्थापना 1989 ची, पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद सरकारी फलकावर शोभेल असंच. त्यामागचा एक निर्णय मात्र खरोखर धाडसाचा होता. बारावीचा दाखला नसलेल्यालाही इथं पदवीची वाट ठेवली गेली. वयाची 18 वर्षं पूर्ण हवी असत, लिहिता-वाचता यायला हवं असे. मग पूर्वतयारीची परीक्षा द्यायची आणि बी.ए. किंवा बी.कॉम.ला नाव घालायचं. शाळा चौथीत का सुटली, लग्न सातवीनंतर का लागलं, याचा जाब कुणी मागत नव्हतं.

कष्टकऱ्यांसाठी शाळेनंच आपली वेळ बदलावी, हा विचार इथं जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी. पुढं मुंबईत गिरणी कामगारांची पोरं रात्रशाळेत मॅट्रिक झाली. पण त्यानंतरचं कॉलेज बहुतेक दिवसाचं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणारं.

मुक्त विद्यापीठानं ती अडचण पुस्तकांनी सोडवली. मराठीत, घरी एकट्यानं वाचून समजतील अशी पुस्तकं. जोडीला गृहपाठ आणि सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं, म्हणजे केंद्रावर शिक्षकांसमोरचे तास. नाशिक रोड कारागृहातले बंदीही असंच शिकून पदवीधर झाले.

तरी नाव घातलेले सगळे परीक्षेपर्यंत पोचत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर. मजुरीला रविवार नसतो. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ही काही शिक्षणाची योजना नव्हे, पण केंद्रापर्यंत पोचायला तीच कामी येते. तान्हं मूल कुणाकडे ठेवायचं, हे प्रवेशपुस्तिकेत नसतं. सासू किंवा जाऊ तयार झाली तर आई तासाला बसते. नाहीतर भाकऱ्या उरकल्यावर, रात्री, जमेल तेवढी पानं.