राजा वाक्य विसरला

नमस्कार मंडळी. आपल्या गोव्यात जत्रा आली की नाटक आलंच, आणि नाटकात साठी ओलांडलेला एक तरी राजा मध्येच गप्प होऊन विंगेत बघत राहणार. गेल्या वर्षी आमच्या डिचोलीकडच्या गावात तो राजा मीच होतो. प्रॉम्प्टरने तीनदा वाक्य सांगितलं, पुढे बसलेल्या पोरांना ऐकू गेलं, मला नाही!

बायको म्हणाली, वय झालं आता तुमचं. बरं, वय झालं हे खरंच, मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून आठवणी साठवायला मदत करणारा एक छोटासा भाग असतो आणि तो म्हातारपणी हळूहळू आकसत जातो. पण २०११ साली अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर एक प्रयोग झाला. निम्मे लोक आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालले, बाकीच्यांनी नुसते अंग ताणायचे हलके व्यायाम केले. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला, दुसऱ्यांचा मात्र कमीच झाला. आणि सुरुवात किती मिनिटांनी, तर फक्त दहा! म्हणजे पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकून उंडे आणायला चालत गेलात तरी श्रीगणेशा झाला की.

पण मी तर रोज चालत होतो हो. मग घोडं कुठे अडलं? तालमीत! रात्री दहाला सुरू, दोनला घरी, पाचला कोंबडा. दिवसा पाठ केलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेत, त्यात गाढ झोपेचा मोठा हात, आणि नेमकी तीच वयाबरोबर कमी होते, त्यात आपण अजून कात्री लावतो. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या जवळजवळ नऊ हजार लोकांची स्मरणशक्ती दहा वर्षं तपासत राहिले, तेव्हा दिसलं की व्यायाम करणारे पण सहा तासांपेक्षा कमी झोपणारे लोक दहा वर्षांनी कमी व्यायाम करणाऱ्यांच्याच रांगेत आले. सत्तरीपुढच्यांचा फायदा मात्र टिकला, आता ह्याचं काय करायचं, मी अजून ६७ चा!

दुपारची झोप सोडा असं गोंयकाराला सांगायची माझी छाती नाही. फक्त अर्ध्या तासात उठा, नाहीतर रात्री आढ्याकडे बघत बसाल. आणि झोपेत मोठमोठ्याने घोरून श्वास अडकत असेल तर डॉक्टरला दाखवा, ते नुसतं घोरणं नसतं.

यंदा तालीम संध्याकाळी सहाला ठेवलीय. डिरेक्टर कुरकुरतोय, सेनापती कामावरून सातला येतो म्हणून. येऊ दे, तोवर राजा एकटा लढेल.