बाबा, बघा, बैल!

नमस्कार मंडळी. गुहेतला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पार आत, अंधारात दडून बसलेलं कुटुंब येतं. पण तसं नव्हतं हो, माणसं राहायची गुहेच्या तोंडाशी, जिथं उजेड येतो आणि धूर बाहेर जातो. तोंडाशी राहायची, एवढं ध्यानात ठेवा. चूल तिथंच, दगडाची हत्यारं घडवणं तिथंच, हाडाच्या सुईनं कातडी शिवणं पण तिथंच. मागे उरलं ते राख, हाडं, शिंपले आणि दगडाच्या कपच्या. म्हणजे त्यांचा उकिरडाच, आणि त्यावरूनच आपल्याला कळतं की ते काय खायचे, कशाची शिकार करायचे.

आणि आत, अंधारात, चित्रं! ती कशी सापडली ते सांगते.

स्पेनच्या उत्तरेला आल्तामिरा नावाची गुहा आहे. तिचं तोंड दरड कोसळून हजारो वर्षं बंद होतं. 1868 मध्ये एका शिकाऱ्यामुळे ती लोकांना कळली. पुढे 1879 मध्ये तिथले एक जमीनदार, मार्सेलिनो साउतुओला, दिवा घेऊन आत गेले, सोबत 8 वर्षांची लेक मारिया. बाबा मान खाली घालून माती उकरतायत, हाडं शोधतायत, आणि छत इतकं बुटकं की मोठ्या माणसाला वाकूनच चालावं लागायचं. मारिया मात्र उभी राहू शकत होती, तिनं वर बघितलं आणि ओरडली, ‘बाबा, बघा, बैल!’

बैल नव्हते ते, रानगवे होते, लाल आणि काळ्या रंगातले, छतभर! आणि गंमत बघा, छताच्या दगडाला जिथं फुगवटा आहे तिथंच चितारणाऱ्यानं गव्याचं अंग बसवलंय, त्यामुळे तो गवा अंगानं भरलेला दिसतो. रंग कसला, तर आपण कुंडीला लावतो तो गेरू आणि चुलीतला कोळसा.

(म्हणूनच मला म्युझियममध्ये पोरांना ‘चल पुढे, चल पुढे’ म्हणून ओढणारे आईबाप बघवत नाहीत. बघू द्या हो त्यांना, रेंगाळू द्या.)

साउतुओलांनी 1880 मध्ये पुस्तिका छापली, तर मोठमोठे विद्वान म्हणाले, छे, रानटी माणूस असं काढूच शकत नाही, ही चित्रं हल्लीच कुणीतरी रंगवलीत. त्या भल्या माणसावर चक्क फसवणुकीचा आळ आला. 1888 मध्ये ते गेले, आळ तसाच डोक्यावर घेऊन. मग फ्रान्समध्ये एकामागून एक चित्रांच्या गुहा सापडायला लागल्या, आणि विरोधकांतले मोठे पंडित एमिल कार्तायाक यांनी 1902 मध्ये लेख लिहून चूक कबूल केली. साउतुओलांना जाऊन तोवर 14 वर्षं झाली होती. मला हे दर वेळी सांगताना गलबलून येतं.

वेळ संपत आली, तरी आपल्या मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या चित्रांच्या गुहांचं सांगायलाच हवं. 1957 मध्ये आपले पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर ट्रेननं भोपाळकडे जात होते, खिडकीतून त्यांना डोंगरातले खडक दिसले, आणि युरोपातल्या चित्रांच्या गुहा बघितलेल्या असल्यामुळे ते तिथं चढून गेले. चित्रं होतीच! भोपाळपासून साधारण 45 किलोमीटर आहे, मुलांना घेऊन जा, आणि तिथं पोहोचल्यावर आधी त्यांना वर बघू द्या.